दुसऱ्याच्या तोंडून आलेले सांत्वन

युरोपातील धर्मसुधारणेचा इतिहास आपण बहुधा वादाचा इतिहास म्हणून वाचतो. १५१७ साली विटेनबर्ग येथे मांडलेले ९५ सिद्धान्त, क्षमापत्रांचा व्यापार आणि पोपशी झालेला संघर्ष हे त्यातील ठळक टप्पे. या इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे. संतांचा धावा, पापक्षालनासाठी केलेली दाने, मृतांसाठीचे विधी यांवर सामान्य माणूस दुःखाच्या वेळी भार टाकत असे. हे आधार काढून घेतल्यावर रोग्याच्या उशाशी बसलेल्या पाळकाने बोलायचे काय? ल्यूथरपंथीयांच्या सांत्वनपर वाङ्मयाचा जन्म या अडचणीतून झाला.

१५१९ मध्ये सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक गंभीर आजारी पडला. पवित्र अवशेषांचा सुमारे १९,००० नगांचा संग्रह बाळगणारा हा भाविक राजा होता. त्याच्या सांत्वनासाठी मार्टिन ल्यूथरने एक छोटे पुस्तक लिहिले. ते १५२० साली छापले गेले. त्याची रचना लक्षणीय आहे. त्या काळी जर्मनीत चौदा साहाय्यकर्त्या संतांची भक्ती रूढ होती. घशाच्या विकारासाठी ब्लेझ, आकस्मिक मृत्यूपासून रक्षणासाठी बार्बारा, अशी त्यांच्या कार्याची वाटणीही ठरलेली होती. ल्यूथरने चौदा हा आकडा तसाच ठेवला, पण संतांच्या जागी चौदा चिंतने आणली. सात आपत्तींची आणि सात कृपांची. आपल्या आत, पुढे, मागे, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर जे जे आहे, त्याकडे रोग्याने क्रमाने पाहावे अशी ही योजना आहे. वेदीचा आकार जुनाच राहिला. मूर्तींची जागा मात्र शास्त्रवचनांनी घेतली.

राजासाठी लिहिणे एक वेळ सोपे असेल. खरी कसोटी लागली ती गर्भपात झालेल्या, मृत बालक जन्मलेल्या स्त्रियांपुढे. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या मुलाला स्वर्गप्राप्ती नाही, ही शिकवण शतकानुशतके रुजलेली होती. अशा मुलाला पवित्र भूमीत दफनाची जागाही सहसा मिळत नसे. योहान्नेस बुगेनहागेनने एकोणतिसाव्या स्तोत्रावर लिहिलेल्या भाष्याला जोडून १५४२ साली ल्यूथरने या मातांसाठी काही पाने लिहिली. त्याचा युक्तिवाद असा: मातेच्या मनात मूल देवाला अर्पण करण्याची इच्छा होती, आणि तिचे शब्दांवाचूनचे कण्हणे हीच प्रार्थना होय. आधाराला त्याने रोमकरांस पत्रातील आठवा अध्याय घेतला. तांबड्या समुद्राकाठी मोशे तोंडाने काही बोलला नव्हता, तरी देवाने त्याचा आक्रोश ऐकला, या प्रसंगाचेही स्मरण त्याने दिले. आठव्या दिवशी होणाऱ्या सुंतेपूर्वीच दगावलेली इस्राएली बालके हा त्याचा आणखी एक दाखला. बाप्तिस्म्याचे महत्त्व मात्र त्याला कमी करायचे नव्हते. म्हणून ही गोष्ट चारचौघांत सरसकट सांगू नये, ज्या मातेला तिची गरज आहे तिलाच सांगावी, असा इशाराही तो देतो. सिद्धान्त आणि शोक यांच्यामधली ही अरुंद वाट आहे, आणि तो ती जपून चालतो.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २० तारखेला त्याची मुलगी माग्दालेना वारली. ती तेरा वर्षांची होती. त्यानंतर आपला मित्र युस्टुस योनास याला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ताच्या मृत्यूचे स्मरणही आपले दुःख पुरते हरू शकत नाही, अशी कबुली त्याने दिली. सांत्वनाचा ग्रंथकार स्वतःच सांत्वनाच्या मर्यादेशी येऊन थांबला होता.

येथे एक जर्मन शब्द समजून घ्यायला हवा: आन्फेष्टुंग. संकट, मोह, परीक्षा या सर्वांची छटा त्यात आहे. देवच आपल्यावर उलटला आहे असे वाटायला लावणारी ती अवस्था. अशा अवस्थेत माणसाला स्वतःच्या मनावर विसंबता येत नाही, कारण आरोप करणारे तेच मन असते. म्हणून सांत्वन बाहेरून यावे लागते. १५३७ च्या श्माल्काल्डेन सिद्धान्तांत ल्यूथरने प्रवचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापमुक्तीची घोषणा यांच्या जोडीला बंधूंनी परस्परांशी केलेले संभाषण व सांत्वन यांनाही स्थान दिले, ते याच कारणाने. १५४५ साली बेल्गर्नच्या पाळकाने एका मनोरुग्णाबाबत सल्ला विचारला तेव्हाही त्याने एकट्याने जाण्यास सांगितले नाही. दोघातिघा सज्जनांसह जावे, रोग्याच्या मस्तकावर हात ठेवावा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि हे तीन दिवस करावे. त्या मनोविकारामागे सैतानाचा हात पाहणारी ल्यूथरची दृष्टी आज स्वीकारता येणार नाही. दुःखिताला एकटे सोडू नये ही तिच्यातील जाण मात्र जुनी झालेली नाही.

योहान गेऱ्हार्टने १६११ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या सांत्वनाच्या हस्तपुस्तिकेत या जाणिवेला वाङ्मयीन रूप मिळाले. तान्हा मुलगा गेलेला, पत्नी मृत्युशय्येवर, आणि लेखक तिशीच्या आत. त्याने पुस्तक संवादरूपात रचले. एक बोलतो तो पीडित, दुसरा सांत्वनकर्ता. माझी श्रद्धा दुबळी आहे, मला मरणाचे भय वाटते, अशा शंका पीडित एकामागून एक मांडतो. सांत्वनकर्ता प्रत्येक शंकेला शास्त्रवचनाने उत्तर देतो. पीडिताला कोठेही गप्प केलेले नाही. उत्तर मिळताच तो नवी शंका काढतो आणि संवाद पुढे चालतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या परंपरेत एक प्रश्न सापडावा. आपण उसन्या शब्दांना कृत्रिम मानतो; शोक स्वतःच्या शब्दांत व्यक्त झाला तरच खरा, ही आपली धारणा. या पाळकांचा अनुभव उलटा होता. माणसाचे स्वतःचे शब्द सरतात त्या घटकेलाच स्तोत्रातले, शेकडो तोंडांनी झिजवलेले शब्द उपयोगी पडतात, कारण ते त्याला घडवावे लागत नाहीत. कोणीतरी शेजारी बसून ते म्हणावे, एवढेच पुरते. त्या मातेपाशी तर तेवढेही शब्द नव्हते. ल्यूथरने तिच्या कण्हण्यालाच प्रार्थना म्हटले; ते तिला कळण्यासाठी मात्र कोणीतरी तिच्या घरी जाऊन सांगावे लागत होते.