बेल-कसोट्या

बेल-कसोट्या : एकमेकांपासून दूर नेलेल्या दोन कणांच्या मोजमापांतला मेळ स्थानिक वास्तववादात बसतो की नाही, हे ठरवणारे प्रयोग. स्थानिक वास्तववादात दोन गृहीते एकत्र येतात. वस्तूचे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात, हे पहिले. एका जागी केलेल्या मोजमापाचा परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने दुसऱ्या जागी पोचत नाही, हे दुसरे. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये याच गृहीतांच्या आधारे पुंजयामिकी अपुरी असल्याचा युक्तिवाद केला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये त्यातून आकड्यांत पडताळता येईल अशी असमता काढली आणि तत्त्वचर्चा प्रयोगशाळेत आली.

असमतेचा गाभा एका कल्पित खेळातून समजतो. एक खेळाडू नांदेडला, दुसरा लातूरला. प्रत्येकापुढे लाल किंवा पांढरी चिठ्ठी येते आणि त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. दोन्हीकडे लाल चिठ्ठी आली तर उत्तरे वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा सारखी. निघण्यापूर्वी दोघांनी वाटेल तेवढे ठरवून घ्यावे. समजा, नांदेडकराने पांढऱ्या चिठ्ठीवर ‘हो’ म्हणायचे ठरवले. मग लातूरकराला दोन्ही रंगांवर ‘हो’ म्हणावे लागते. लातूरच्या पांढऱ्या चिठ्ठीशी जुळायचे तर नांदेडच्या लाल चिठ्ठीवरही ‘हो’च हवे. आता दोन्हीकडे लाल आली की उत्तरे सारखी निघतात आणि डाव फसतो. ‘नाही’पासून सुरुवात केली तरी हेच. म्हणून चिठ्ठ्या यदृच्छेने निघत असतील तर ठरवून खेळणाऱ्यांना सरासरीने शेकडा ७५ डावांपलीकडे जाता येत नाही. गुंतलेल्या, म्हणजे दोघांची मिळून एकच अवस्था असलेल्या, कणांची एकेक जोडी वाटून घेतली, तर पुंजयामिकीच्या गणिताने हा आकडा सुमारे ८५ होतो. सगळा वाद या दहा टक्क्यांच्या फरकावर उभा आहे.

जॉन क्लॉझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये बर्कली येथे कॅल्शियमच्या अणूंतून निघालेल्या प्रकाशकणांवर पहिली कसोटी घेतली. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये रिचर्ड होल्ट आणि फ्रान्सिस पिपकिन यांना पाऱ्याच्या अणूंवर नेमके उलटे उत्तर मिळाले. क्लॉझर यांनी पाऱ्यावरचा प्रयोग स्वतः पुन्हा केला, टेक्सासमध्ये एडवर्ड फ्राय आणि रँडल थॉम्पसन यांनीही केला. १९७६ मध्ये आलेले हे दोन्ही निकाल पुंजयामिकीशी जुळले. हार्वर्डच्या उपकरणातल्या काचेवरील ताणामुळे प्रकाशाचे ध्रुवण बिघडले असावे, असा संशय पुढे आला. हा प्रसंग या नोंदीत आवर्जून हवा. बहुमत मोजून वाद मिटवण्याऐवजी इथे पारा आणि काच पुन्हा हाताळली गेली.

यानंतरचा इतिहास पळवाटा, म्हणजे असे निकाल येऊनही स्थानिक वास्तववाद वाचवू शकणाऱ्या शक्यता, बुजवण्याचा आहे. पहिली पळवाट स्थानिकतेची. नांदेड–लातूर सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. प्रकाशाला हे अंतर कापायला ०.४ मिलिसेकंदही लागत नाहीत. चिठ्ठी निघण्यापासून उत्तराची नोंद होईपर्यंतचे काम दोन्ही गावी तेवढ्यात उरकले, तरच संगनमताची शंका फिटते. आलँ आस्पे यांच्या गटाने १९८२ मध्ये फ्रान्समधील ऑर्से येथे कण वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलली. इन्सब्रुकमध्ये १९९८ साली ४०० मीटर अंतरावर ही निवड यदृच्छेने झाली. दुसरी पळवाट हरवलेल्या कणांची. बहुतेक उत्तरपत्रिका गहाळ होऊन हाती आलेल्या मोजक्यांवरूनच निकाल लावला, तर तो कसा मानावा?

डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरून दोन्ही पळवाटा एकत्र बंद झाल्या : २४५ डाव, १९६ यशस्वी. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि बोल्डर येथील प्रयोगांनी, कितीतरी अधिक नोंदींनिशी, तोच कौल दिला. आस्पे, क्लॉझर आणि आंतोन त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

यावरून ‘आइन्स्टाइन चुकले’ किंवा ‘प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जातो’ असे लिहिणे बरोबर नाही. लातूरकराला आपल्या उत्तरांची यादी कितीही न्याहाळून नांदेडला कोणती चिठ्ठी निघाली हे कळत नाही. मेळ दिसतो तो दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच. आणि जो प्रश्न आज निकालात निघाला, तो विचारला आइन्स्टाइननीच.

निरोप न जाणे आणि बेलची स्थानिकता या दोन अटी एक नव्हेत, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी नेमक्या याच भेदावर काम केले. अनेक कणांच्या समूहासाठी दोन्ही अटी स्वतंत्रपणे कशा तपासता येतील, हे त्यांनी १९९१ मध्ये मांडले.

पुण्यात जे तपासले गेले ते अंतराऐवजी काळाच्या अंगाने. अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांच्या १९८५ मधील असमतेत एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या क्षणींच्या मोजमापांचा मेळ पाहतात. विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि टी. एस. महेश यांनी चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारख्या डोलणाऱ्या अणुकेंद्रांवर ती तपासली; २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एक अणुकेंद्र मोजायचे आणि दुसरे मापनाचे साधन, अशी मांडणी होती. मोजमापांतले अंतर थोडे असताना असमता मोडली. काळ लांबला तसा परिसराच्या उपद्रवाने मेळ विरत गेला आणि आकडे असमतेच्या मर्यादेत परतले. आक्षेपाला इथेही जागा आहे. मोजताना वस्तूला धक्का लागला नाही, हे लेगेट–गर्ग यांचे गृहीत पाळले गेले याची खात्री देणे कठीण असते, आणि या तंत्रात असंख्य रेणूंचा एकत्रित संकेत वाचला जातो, एकेका अणुकेंद्राचा नव्हे.