न जन्मलेल्या वासरांची मोजदाद

वसुबारसेच्या संध्याकाळी आपण गाय-वासराची पूजा करतो. गायीच्या पायांवर पाणी घालतो, तिच्या कपाळी कुंकू लावतो, वासराच्या पाठीवरून हात फिरवतो. या सोहळ्यात एका प्राण्याची आठवण मात्र कोणालाच होत नाही. तो म्हणजे त्या वासराचा बाप! घरच्या मुलीला स्थळ पाहायचे झाले तर आपण गोत्र पाहतो, कुळ पाहतो, नाडी जुळते की नाही याची दहा जणांकडे चौकशी करतो. गोठ्यातली गाय माजावर आली की मात्र देवाला सोडलेला गावचा वळू जवळ असला म्हणजे झाले. तो कोणाचा, त्याची आई किती दूध देत होती, आणि मुख्य म्हणजे तो या गायीचाच बाप तर नव्हे ना, हे प्रश्न पूर्वी फारसे कोणी विचारीत नसे.

हे प्रश्न विचारायला माणूस कसा शिकला, त्यांची उत्तरे त्याने आधी वहीत आणि मग यंत्रात कशी भरली, आणि इतके करूनही एक भली मोठी चूक जवळजवळ पन्नास वर्षे कोणाच्या नजरेस कशी आली नाही, याची हकिगत मोठी उद्बोधक आहे.

आरंभ इंग्लंडात होतो. लेस्टरशायर परगण्यातील डिशली गावी रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी राहत होता (१७२५ ते १७९५). त्या काळी गुरे गायरानात एकत्र चरत आणि संकर होई तो दैवाच्या इच्छेने. बेकवेलने आपली जनावरे कुंपणात घेतली, नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची हे स्वतः ठरवू लागला. मनाजोगता गुण दिसला की तो पक्का करण्यासाठी तो जवळच्या नात्यातच जोड्या लावी. आपले निवडक नर तो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. त्यामुळे त्या नरांची संतती दुसऱ्यांच्या कळपात कशी निपजते हे त्याला आयते पाहायला मिळे.

त्याचाच कित्ता चार्ल्स कोलिंगने गिरवला. त्याच्याकडे 'फेव्हरिट' नावाचा वळू होता. त्याची जोडी त्याच्याच आईशी, 'फीनिक्स'शी, लावली. त्यातून 'यंग फीनिक्स' ही कालवड झाली. आणि तिची जोडी पुन्हा तिच्या बापाशी, त्याच फेव्हरिटशी! यातून १८०४ साली 'कॉमेट' जन्मला. १८१० च्या लिलावात या कॉमेटला एक हजार गिनी आल्या. एका वळूला एवढी किंमत कोणी ऐकली नव्हती. आपल्या कानांना हे नाते ऐकवत नाही. पण त्या काळच्या शेतकऱ्याला त्यात फक्त उत्तम पाठ, भरलेले अंग आणि हजार गिनी दिसल्या.

१८२२ साली जॉर्ज कोट्सने शॉर्टहॉर्न जातीची वंशावळ छापून काढली. गुरांच्या एखाद्या जातीची अशी ही पहिलीच वही. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या बाडांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात ना, तशीच ही गुरांची बाडे. त्यात आईबापांची नावे होती. पण दूध किती, याचा आकडा नव्हता. ती उणीव डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी भरून काढली. १८९५ साली तिथल्या व्हेयेन गावी शेतकऱ्यांनी मंडळी स्थापून गोठ्यागोठ्यातल्या गायींचे दूध मोजायला आणि टिपायला सुरुवात केली.

नाव आले, आकडा आला. आता हवे होते गणित. ते १९२२ साली स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले. गिनीपिगांच्या पिढ्या अभ्यासता अभ्यासता त्याने नात्यातल्या संकराचे माप काढण्याची रीत बसवली. बाप आणि मुलगी यांच्या वासरात हे माप शेकडा २५ भरते, सावत्र बहीणभावांच्या वासरात साडेबारा, चुलत भावंडांच्या वासरात सव्वासहा. याच रीतीने कॉमेटचे माप काढले तर ते जवळजवळ निम्म्याला पोचते!

या मापाची भीती का बाळगायची? प्रत्येक प्राण्याला प्रत्येक गुणाची दोन बीजे मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यातले एक सदोष असले तरी दुसरे त्याची बाजू सांभाळून नेते आणि प्राणी ठणठणीत दिसतो. परंतु दोन्हीकडून तेच सदोष बीज आले की सांभाळणारे कोणी उरत नाही. नाते जितके जवळचे, तितका हा प्रसंग ओढवण्याचा संभव अधिक.

पुढची अडचण अशी की वळू दूध देत नाही! त्याची योग्यता कळायची ती त्याच्या मुली व्याल्यानंतर, म्हणजे पाच-सहा वर्षांनी. त्यातही एका मुलीला कसदार चारा मिळालेला, दुसरीच्या नशिबी नुसता कडबा. यातून चाऱ्याचे श्रेय किती आणि बापाचे किती हे वेगळे काढायचे म्हणजे हजारो समीकरणे एकदम सोडवणे आले. अमेरिकेतील जे लश याने या शास्त्राचा पाया घातला आणि कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स हेंडरसनने ही समीकरणे मांडण्याची रीत दिली. १९७० च्या सुमारास संगणक हाताशी आला आणि ती खरोखरच सुटू लागली. दरम्यान, १९४९ साली इंग्लंडात वीर्य गोठवून टिकवण्याची युक्ती सापडली होती. गावापुरता असलेला वळू आता साऱ्या जगाचा झाला.

आणि इथेच आपल्या कथेचा नायक प्रवेश करतो. १९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एक होल्स्टीन गोऱ्हा जन्मला. त्याचे नाव 'पॉनी फार्म अर्लिंडा चीफ'. त्याच्या मुली दुधाला अशा काही निघाल्या की जो तो चीफच्याच वीर्याची मागणी करू लागला. त्याला सुमारे सोळा हजार मुली झाल्या, पाच लाख नाती झाल्या आणि पणत्या वीस लाखांच्या वर गेल्या. पुढे मोजले तेव्हा असे दिसले की अमेरिकेतील होल्स्टीन जातीच्या एकूण बीजसंचयात शेकडा चौदा वाटा या एकट्याचा आहे.

या चीफच्या अंगी एक सदोष बीज होते. चीफ स्वतः धडधाकट, त्याच्या मुली धडधाकट. पण चीफचा वंशज आणि चीफचीच वंशज अशी जोडी पडली, आणि दोघांकडेही ते बीज असले, की चारांतला एक गर्भ पोटातच संपायचा. शेतकऱ्याला काय दिसायचे? गाय उलटली, किंवा तिने गाभ टाकला. असे कोणत्या गोठ्यात होत नाही? तो हवेला दोष देई, चाऱ्याला देई, डॉक्टरला देई आणि गाय पुन्हा भरवी. कोणत्याही वहीत याची नोंद होत नव्हती. कारण वहीत नोंद होते ती जन्मलेल्या वासराची. जे जन्मलेच नाही त्याचा रकाना कोणी आखलेला नव्हता.

तो रकाना अखेर आखला गेला २०११ साली. त्याआधी गुरांच्या बीजांतल्या पन्नास हजारांहून अधिक खुणा एकदम वाचणारी चिप निघाली होती, आणि हजारो होल्स्टीन जनावरांची वाचने अमेरिकेच्या कृषी खात्याकडे जमली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा घातला. काय दिसते हे न विचारता, काय दिसायला हवे होते पण दिसत नाही, हे त्यांनी विचारले. बीजाचा एखादा तुकडा कळपात इतका पसरलेला असेल, तर तो दोन्हीकडून मिळालेली निदान काही जनावरे आढळायला हवीत. पाचव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याच्या बाबतीत असे एकही जनावर सापडेना. ती गेली कुठे? ती जन्मलीच नव्हती! माग काढीत गेल्यावर तो तुकडा थेट चीफपाशी पोचला. पुढे २०१६ साली त्या बीजातला नेमका बिघाडही प्रसिद्ध झाला. या एका बिघाडापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले आणि बेचाळीस कोटी डॉलरांचे नुकसान झाले, असा अंदाज निघाला.

मग चीफ खलनायक ठरला काय? तसेही म्हणता येत नाही. त्याच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत त्याच अभ्यासकांनी तीन हजार कोटी डॉलर धरली आहे. दोष वळूपेक्षा जोडीचा अधिक होता. सदोष बीज बाळगणाऱ्या वळूलाही गोठ्यात जागा आहे. मात्र तेच बीज बाळगणाऱ्या गायीशी त्याची गाठ पडता कामा नये.

ही गाठ पडू न देण्याचे काम आज संगणकावरील जोडी ठरवण्याच्या कार्यक्रमांकडे असते. समजा, गोठ्यात दोनशे गायी आहेत आणि वीस वळूंचे वीर्य उपलब्ध आहे. म्हणजे चार हजार जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीचे नाते तपासायचे, गायीची कास लोंबती असेल तर त्या बाबतीत चांगला वळू शोधायचा, सदोष बीजांच्या जोड्या वगळायच्या आणि उरलेल्यांतून उत्तम जोडी निवडायची. माणसाचा जन्म जाईल. यंत्राला पळभर पुरतो.

परंतु यंत्राला ध्येय ठरवता येत नाही. त्याला 'दूध' सांगितले की ते दूधच शोधील आणि पुन्हापुन्हा त्याच चार वळूंशी येऊन थांबेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की उत्तर अमेरिकेतील कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व होल्स्टीन वळूंचा पितृवंश दोनच वळूंशी जाऊन भिडतो. एक आपला चीफ आणि दुसरा १९६५ साली जन्मलेला 'एलिव्हेशन'. लाखो गायी, आणि गोत्रे जेमतेम दोन!

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' संस्था उभी केली आणि संकरित गाय खेडोपाडी पोचली. आपण जिला 'एचएफ' म्हणतो ती याच होल्स्टीनच्या कुळातली. आज जनावरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे देशी गायींची बीजे वाचणाऱ्या 'गौ चिप'चे उद्‌घाटन झाले. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ ही आपली गोत्रे. त्यांत खिल्लार ओढकामाचा, डांगी सह्याद्रीच्या धो धो पावसात टिकणारी. या सर्वांना नुसत्या दुधाच्या तराजूत घातले तर यंत्र त्यांना नापास करील, आणि त्यात यंत्राचा काहीच अपराध असणार नाही. तराजू आपण दिलेला असेल.

म्हणून दोन गोष्टी माणसाच्याच हाती राहतात. एक, गायीकडून आपल्याला काय हवे ते ठरवणे. आणि दुसरी, वही खरी ठेवणे. गाय भरवताना वीर्याच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो टिपून ठेवला नाही, तर तीन वर्षांनी तिच्या कालवडीला तिच्याच बापाची कांडी पडणार नाही याची हमी कोण देणार? गाय उलटली, गाभ टाकला, वासरू मेले, हेही तारखेसह लिहायला हवे. चीफची चूक इतकी वर्षे लपून राहिली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. झालेली हानी कोणी लिहूनच ठेवली नाही म्हणून.

चार आण्याची वही आता चाळीस रुपयांना मिळते. गोठ्याच्या खुंटीला ती टांगलेली असावी, आणि तिच्यात वासराच्या बापाचे नाव असावे.