प्लाझ्मिड आणि प्रतिजैविकरोध

प्लाझ्मिड हा जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असणारा, स्वतंत्रपणे द्विगुणित होणारा, बहुधा वर्तुळाकार डीएनए रेणू होय. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके एकाच प्लाझ्मिडवर असू शकतात. संयुग्मन या क्रियेत दोन जीवाणू परस्परांस जोडले जाऊन प्लाझ्मिडची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यांची जाती एकच असावी लागत नाही. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी आमांशाच्या शिगेला जीवाणूतील बहुऔषधरोध ई. कोलाय जीवाणूत संक्रमित होतो, असे दाखवले. रुग्णालयात एकच प्रतिजैविक दिले, तरी त्यातून तगलेल्या जीवाणूंबरोबर त्याच प्लाझ्मिडवरील अन्य औषधांविरुद्धची जनुकेही टिकतात. हे जीवाणू हात व उपकरणांवाटे इतर रुग्णांपर्यंत पोहोचतात. म्हणून स्वच्छता आणि प्रतिजैविकांचा आवश्यक तेवढाच वापर हे नियंत्रणाचे मुख्य उपाय आहेत.