तिकीट कुणाच्या हातात?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबरात होते, पण तिचा रंग चढतो त्या वर्षाच्या सुरुवातीलाच, प्रायमरीच्या दिवसांत. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान म्हणजे प्रायमरी. काही राज्यांत त्याऐवजी कॉकस असतो, म्हणजे गावातल्या शाळेत किंवा हॉलमध्ये माणसं जमवून घेतलेला कौल. आयोवात संध्याकाळी सातला कॉकस सुरू होतो तेव्हा इथे ब्रिटनमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो आणि पुण्यात सकाळचे साडेसहा. आपल्याला तिथे मत नाही, तरी आपल्यातले बरेच जण जागे असतात.

ही नुसती हौस नाही. ३ मार्च २०१६ ला डेट्रॉइटमध्ये रिपब्लिकन उमेदवारांची वादसभा झाली. तिथे डोनाल्ड ट्रम्प यांना परदेशी तंत्रज्ञांच्या व्हिसाबद्दल विचारलं गेलं. आपली कडक भूमिका आपण मवाळ करतोय, कुशल माणसं देशाला हवीत, असं ते मंचावर म्हणाले. त्याच रात्री त्यांच्या प्रचार कार्यालयाने पत्रक काढलं आणि भूमिका पुन्हा उलटी फिरली. एच-वन-बी व्हिसावर ज्यांचा भाऊ, वहिनी, भाचा तिकडे आहे, त्यांच्यासाठी तो काही करमणुकीचा कार्यक्रम नव्हता.

पण आज मला बोलायचंय ते उमेदवारीबद्दल. आपल्याकडे त्याला सरळ 'तिकीट' म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण ते कुणीतरी द्यावं लागतं. महाराष्ट्रात निवडणूक आली की यादी दिल्लीहून येते, मुंबईत नेत्यांच्या बंगल्यांबाहेर गाड्यांची रांग लागते, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म कुणाच्या खिशात आहे यावर सगळा जिल्हा बोलत असतो आणि मग बंडखोरी होते. मतदार या सगळ्यानंतर येतो. अमेरिकेत मतदार आधी येतो. हे आपल्याला फार लोभसवाणं दिसतं, आणि आपण समजतो की त्यांचं पहिल्यापासून असंच असणार.

तसं मुळीच नाही. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली विल्यम टाफ्ट यांना. प्रायमरी होत्या, पण निकाल लावायचे पक्षाचे पुढारीच. १९६८ साली हे सगळं फुटलं. व्हिएतनाम युद्धाने देश पेटला होता. त्या युद्धाला विरोध करणारे यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी प्रायमरी लढवत होते. जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्रीच केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली ती ह्यूबर्ट हम्फ्री यांना, आणि त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना लाठ्यांनी बडवत होते, आणि ते टीव्हीवर दिसत होतं. नोव्हेंबरात हम्फ्री हरले, निक्सन आले.

त्या जखमेतून नियम बदलले. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने प्रतिनिधी निवडण्याची रीत मतदारांच्या हाती दिली. पुढच्याच वेळी, १९७२ ला, स्वतः मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत हरले. पुढाऱ्यांना म्हणायला मोकळीक मिळाली की बघा, आम्ही सांगत होतो! १९७६ मध्ये मात्र देशाला फारसे माहीत नसलेले जिमी कार्टर आयोवात महिनोन्महिने दारोदार फिरले. गंमत म्हणजे तिथे सगळ्यांत जास्त कौल 'अजून कुणीच नाही' या पर्यायाला मिळाला आणि कार्टर त्याच्या खाली होते. पण उमेदवारांत पहिले म्हणून बातमी झाली आणि ते अध्यक्ष झाले. म्हणजे आपण रात्री जागून जे बघतो ते माझ्या वयाहून जेमतेम थोडंसं मोठं आहे.

आयोवाचं महत्त्व तिथून वाढलं, आणि ते गेलं, त्याला मोठा हातभार लागला आमच्या धंद्याचा. ३ फेब्रुवारी २०२० ला सुमारे १७०० केंद्रांचे आकडे एका नव्या मोबाइल अ‍ॅपवरून यायचे होते. अ‍ॅप घाईने केलेलं, पुरेसं तपासलेलं नाही, वापरणारे स्वयंसेवक, आणि ते चाललं नाही तर पर्याय म्हणून फोन. अ‍ॅप अडकलं, सगळ्यांनी एकदम फोन लावला, फोनही तुंबले. निकाल कित्येक दिवस रेंगाळला. कुठल्याही बँकेत असं गो-लाइव्ह कुणी मंजूर केलं नसतं. त्या रात्री आयोवाच्या बाहेरही कॉकस भरले होते, त्यांतला एक चक्क ग्लासगोत! २०२४ ला डेमोक्रॅटांनी पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला.

आता वळू या आपल्या घरी, कारण हा प्रयोग महाराष्ट्रातही झालाय. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत अमेरिकेसारखी प्रायमरी घ्यायचं ठरवलं. त्यात आपले वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सामना झाला सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. मेघे म्हणजे त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, टोकस म्हणजे दिवंगत ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. मेघे जिंकले. मग मे महिन्यात भाजपचे रामदास तडस यांनी त्यांना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. वडोदऱ्यात तर प्रायमरी जिंकलेले नरेंद्र रावत यांनी जागा सोडली आणि मोदींच्या समोर मधुसूदन मिस्त्री उभे राहिले.

मोदी लाटेत हरण्याचं खापर मी प्रायमरीवर फोडणार नाही. त्या वर्षी कुठल्याही पद्धतीने निवडलेला उमेदवार पडलाच असता. अडचण मतदारयादीत होती. मत देणारे होते पक्षाचेच स्थानिक पदाधिकारी आणि प्रतिनिधी. ज्यांची पदं पुढाऱ्याच्या मेहेरबानीवर, त्यांनीच पुढारी निवडायचा. साहजिकच दोन घराण्यांतलं एक निवडून आलं.

याच्या उलट प्रयोग ब्रिटनमध्ये पाच वर्षं आधी झाला होता. खासदारांच्या खर्चाचा घोटाळा २००९ मध्ये उघड झाला, डेव्हनमधल्या टॉटनेसच्या कंझर्व्हेटिव्ह खासदारांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं, आणि पक्षाने मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, टपालाने मतपत्रिका पाठवली. साधारण चौथ्या हिश्श्याने ती भरून परत धाडली. तिघांमधून निवडून आल्या सारा वोलस्टन, व्यवसायाने फॅमिली डॉक्टर. २०१० ला त्या खासदार झाल्या आणि पक्षाला कळलं की आपण काय करून बसलो! २०११ मध्ये युरोपबाबत सार्वमताच्या ठरावावर त्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं, आरोग्यसेवेच्या प्रश्नावर स्वतःच्याच मंत्र्यांना धारेवर धरलं, आणि २०१९ मध्ये पक्षच सोडला. तिकीट व्हिपने दिलेलं नव्हतं, मग व्हिपचं भय कशाला? २०१० च्या आघाडी सरकारने अशा २०० प्रायमरींना पैसे देण्याचं लेखी वचन दिलं होतं. ते हळूच विसरलं गेलं.

मतदारांवर सोपवलं म्हणजे सगळं गोड होतं असंही नाही. 'ही श्रींची इच्छा' हे आत्मकथन लिहिणारे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे लाखो डॉलर ओतले, तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेससाठी उभे राहिले तेव्हा मैदानात नऊ जण होते. सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. तिथे डेमोक्रॅट उमेदवार म्हणजे नोव्हेंबरचा निकाल जवळपास ठरलेलाच, खरी निवडणूक ऑगस्टातच संपली. मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत गेला, आपली छाती फुगली. पण कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही, आणि हे १९५५ नंतर प्रथमच घडत होतं. बाकीच्या आठांत मतं फुटली होती. डेट्रॉइटमधल्या एखाद्या आजीबाईंना तो निकाल कसा वाटला असेल, याचाही विचार आपण करायला हवा.

आणि २०२२ चाच इथला उन्हाळा आठवा. खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक १३७, लिझ ट्रस ११३. पक्षसदस्यांच्या मतदानात ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. म्हणजे देशाचा पंतप्रधान ठरवायला पावणेदोन लाखांच्या आत मतदार, पुण्यातल्या एखाद्या विधानसभा मतदारसंघाहूनही कमी. ऑक्टोबरात ट्रस गेल्या आणि सुनक आले, या वेळी एकाही सदस्याचं मत न पडता.

अमेरिकेत आपण पाहुणे आहोत. इथे मात्र, मंडळी, भारतीय पासपोर्ट असला तरी इथल्या रहिवाशाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत आहे, नाव नोंदवलं की झालं. ब्रिटनमध्ये असे कितीतरी मतदारसंघ आहेत जिथे एकच पक्ष वर्षानुवर्षं निवडून येतो. तिथला खासदार ठरतो तो उमेदवार निवडीच्या सभेत, कुठल्यातरी चर्चच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या पक्षसदस्यांच्या मतांनी. तुमच्या भागात ती सभा मागच्या खेपेला कधी झाली, कुणाला ठाऊक आहे का?