कस्टम कंट्रोल

संगणकाच्या पडद्यावरील फॉर्मात दिसणारी बटणे, चौकटी, याद्या यांना 'कंट्रोल' म्हणतात. तयार कंट्रोलने भागत नाही तेव्हा प्रोग्रामर स्वतःचे कंट्रोल घडवतो आणि तेच अनेक फॉर्मांत, अनेक प्रकल्पांत वापरतो. हे कस्टम कंट्रोल होय. वापरणाऱ्याला त्याच्या प्रॉपर्टी (गुणधर्म), मेथड (कृती) व इव्हेंट (घटना) तेवढे दिसतात. आतली रचना झाकलेली राहते.

इतिहास : ही पद्धत रुळली ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमुळे (१९९१). त्यातली १६-बिट 'व्हीबीएक्स' कंट्रोल सी किंवा सी++ मध्ये लिहावी लागत. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीत 'ओसीएक्स' कंट्रोल आली. १९९६ पासून त्या तंत्राला 'ॲक्टिव्हएक्स' म्हणू लागले. खुद्द व्हिज्युअल बेसिकमध्ये कंट्रोल लिहिण्याची सोय पाचव्या आवृत्तीत (१९९७) झाली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या मंचाबरोबर विंडोज फॉर्म्स हे फॉर्म बनवण्याचे साधन आले.

प्रकार : विंडोज फॉर्म्समध्ये तीन मार्ग आहेत. पत्ता व पिनकोड यांसारख्या चौकटी एकत्र बांधायच्या तर 'यूजरकंट्रोल' घेतात. असलेल्या कंट्रोलमध्ये थोडी भर हवी असेल तर त्याचा वारसा घेतात. गोल मापकासारखे वेगळेच काही हवे असेल तर 'कंट्रोल' या मूळ क्लासपासून सुरुवात करून 'ऑनपेंट' मेथडमध्ये सारे स्वतः रेखाटतात. किंमत बदलली की 'इन्व्हॅलिडेट' करून पुन्हा रंगवून घेतात.

उदाहरण : रुपयांची रक्कम भरण्याची चौकट 'टेक्स्टबॉक्स'च्या वारशातून होते. 'ऑनकीप्रेस'मध्ये अंक व दशांशचिन्ह सोडून बाकी कळा अडवतात. मात्र बॅकस्पेसला वाट ठेवायला विसरले, तर त्या कळेने चुकलेला अंक खोडता येत नाही. माउसने पेस्ट केलेला मजकूर या तपासणीतून जातच नाही, म्हणून चौकट सोडताना पुन्हा तपासावे लागते. तेव्हाच १२३४५६७ चे १२,३४,५६७ होते. बाहेरच्या फॉर्मला मात्र स्वल्पविरामांविना निव्वळ संख्या मिळते.

पुढील टप्पा : डब्ल्यूपीएफ (२००६) या मायक्रोसॉफ्टच्याच पुढच्या साधनाने कंट्रोलचे वर्तन आणि रूप वेगळे केले. रूप टेम्प्लेटमध्ये असल्याने कोडला हात न लावता ते बदलता येते. विंडोज फॉर्म्स व डब्ल्यूपीएफ डिसेंबर २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाले. दोन्ही विंडोजवरच चालतात.