काम्पिओने द’इतालिया

इटलीची एक छोटी नगरपालिका, चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेली. लोंबार्दी विभागाच्या कोमो जिल्ह्यात हिची गणना होते. प्रत्यक्षात ती स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक तिचिनो राज्यात, लुगानो तळ्याच्या पूर्व काठावर आहे. लोकसंख्या सु. 2,000. क्षेत्रफळ, तळ्यातला हिस्सा धरूनही, जेमतेम अडीच-पावणेतीन चौ. किमी. दक्षिणेला बिस्सोने, पूर्वेला आरोन्यो ही स्विस गावे, आणि पाण्यापलीकडे लुगानो शहर.

नकाशावर इटलीची मुख्य भूमी इथून एक किलोमीटरही दूर नाही. पण मध्ये सिगिन्योलाचा डोंगर उभा आहे. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून 271 मी., आणि डोंगरमाथा सु. 1,300 मी. एवढ्या थोड्या अंतरात इतकी चढण असल्यामुळे या बाजूने इटलीत उतरणारा गाडीरस्ता नाही. गावातून निघालेला रस्ता काठाकाठाने बिस्सोनेला जातो. तिथून पश्चिमेला तळ्यावरचा मेलिदेचा बंधारा लागतो. 1847 मध्ये पुरा झालेल्या या बंधाऱ्यावरून पुढे गोटहार्डची रेल्वे आणि मोटारमार्गही गेले. इटलीत जाणारा रस्ता बिस्सोनेहून दक्षिणेला वळतो आणि बराच वेळ स्विस हद्दीतून जाऊन सीमेवर पोचतो. म्हणजे गावकऱ्याला आपल्याच देशात जायचे तर आधी परदेश ओलांडणे भाग आहे.

ही स्थिती डोंगरामुळे आली असे वाटेल. खरे कारण एक मृत्युपत्र आहे. आठव्या शतकात इथे तोतोने नावाचा श्रीमंत जमीनदार होता. त्याच्या घराण्याची 721 पासूनची कागदपत्रे टिकली आहेत: जमिनीचे व्यवहार, गुलामांची खरेदी, वारसाहक्काचे तंटे. मध्ययुगाच्या आरंभीच्या इटलीतल्या सामान्य सरदारवर्गाचे रोजचे जगणे दाखवणारे इतके सलग दप्तर क्वचितच मिळते, म्हणून इतिहासकारांना या गावाबद्दल त्याच्या आकाराच्या मानाने फार आस्था. 777 मध्ये तोतोनेने आपली मालमत्ता मिलानच्या संत आंब्रोजो यांच्या देवस्थानाला लिहून दिली. वाटसरू आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळा चालवावी, ही त्यामागची इच्छा. दप्तर टिकले तेही यामुळेच, कारण जमिनीबरोबर कागदही या देवस्थानाच्या मठाच्या ताब्यात गेले. त्यानंतर हजार वर्षे काम्पिओनेचा मालक मिलानमधला मठ राहिला. 1512 मध्ये स्विस संघाने लुगानो आणि आसपासचा मुलूख घेतला तेव्हाही मठाच्या मालकीच्या या गावाला हात लागला नाही. शेजारची गावे स्विस झाली, हे राहून गेले.

1797 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मठाची सत्ता संपली आणि गाव सिसाल्पाइन प्रजासत्ताकात आले. पुढे लोंबार्दीबरोबरच ऑस्ट्रियाकडे, मग एकीकृत इटलीकडे गेले. तिचिनोची त्यावर नजर होती. दुसरे एखादे गाव देऊन हे घ्यावे, असे प्रस्ताव एकोणिसाव्या शतकात निघाले आणि बारगळले. 1861 च्या सीमाकरारात एवढेच झाले की समोरच्या काठावरचा काम्पिओनेच्या मालकीचा सान मार्तिनोचा तुकडा स्वित्झर्लंडला मिळाला. तोवर तळ्याच्या दोन्ही बाजूंना या गावाची जमीन होती.

काम्पिओनेचे नाव आज जुगारगृहामुळे लोकांना ठाऊक आहे. हा या गावावर अन्याय आहे. उत्तर इटलीच्या शिल्पकलेच्या इतिहासात ‘काम्पिओनेचे उस्ताद’ हा स्वतंत्र अध्याय आहे. या तळ्याच्या परिसरात शेतीला जमीन थोडी, दगड मुबलक. त्यामुळे पुरुष पिढ्यानपिढ्या पाथरवट, गवंडी, शिल्पी म्हणून बाहेर पडत आणि टोळ्यांनी कामे करत. शेजारच्या मेलिदेने दोमेनिको फोंताना दिला, ज्याने 1586 मध्ये व्हॅटिकनचा प्रचंड ओबेलिस्क हलवून संत पीटरच्या चौकात उभा केला. बिस्सोनेत 1599 मध्ये बोरोमिनी जन्मला. पण त्यांच्याही आधी चार शतके काम्पिओनेची माणसे मोदेनाच्या कॅथीड्रलवर काम करत होती.

मोदेनाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिथले कॅथीड्रल 1099 मध्ये वास्तुकार लान्फ्रांको आणि शिल्पकार विलिजेल्मो यांच्या हातून सुरू झाले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आन्सेल्मो दा काम्पिओने तिथे आला. त्याच्या घराण्याने हे काम वंशपरंपरेने पत्करले. 1244 च्या एका दस्तऐवजात हा करार त्याच्या वारसांसाठी पुन्हा पक्का केलेला आहे. एका देवळाशी घराणे असे बांधले जाणे म्हणजे आपल्याकडच्या वतनासारखेच. गिर्लान्दिना हा मोदेनाचा उंच मनोरा 1319 मध्ये पुरा केला तोही एन्रिको दा काम्पिओने याने. म्हणजे शंभराहून जास्त वर्षे एकाच गावची माणसे एकाच इमारतीवर राबली.

चौदाव्या शतकात हीच परंपरा मोठ्या दरबारांत पोचली. काम्पिओनेच्याच ज्योव्हान्नीने 1340 मध्ये बेर्गामोचे बाप्तिस्मागृह केले. बोनिनोने मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोन्तीचा अश्वारूढ पुतळा घडवला, तो आता मिलानच्या स्फोर्त्सा किल्ल्यात आहे. व्हेरोनाच्या कान्सिन्योरिओ देल्ला स्कालाची नक्षीदार समाधीही त्याचीच. बेर्नाबोच्या घोड्याच्या ताठ पायांत आणि स्वाराच्या भावहीन चेहऱ्यात सत्तेचा जो कोरडा दरारा उमटतो, तो पुढच्या शतकातल्या नितळ, प्रमाणबद्ध पुतळ्यांना सहसा साधलेला नाही. मात्तेओने मोंझाच्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग उभारला. तो 1396 मध्ये वारला. 1386 मध्ये सुरू झालेल्या मिलानच्या कॅथीड्रलच्या पहिल्या वर्षांतही काम्पिओनेची माणसे होतीच. या मंडळींचे सर्वोत्तम काम मात्र त्यांच्या गावाबाहेरच आहे, कारण पैसा बाहेर होता.

गावात पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तळ्याकाठचे सांता मारिया देई गिर्ली, म्हणजे पाकोळ्यांच्या मातेचे देऊळ. दर वसंतात परतणारी ही पाखरे आणि दर हिवाळ्यात घरी परतणारे इथले कारागीर, यांची सांगड लोक घालतात. ती खरी असो वा नसो, अशा गावाला शोभते. तळ्याकडून पायऱ्या चढून वर आले की देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर 1400 मध्ये फ्रांको आणि फिलिप्पोलो दे व्हेरिस यांनी रंगवलेला ‘अंतिम न्याय’ दिसतो. नरकातल्या पाप्यांचे हाल इथे इतक्या चवीने रंगवले आहेत की स्वर्ग त्यापुढे फिका पडतो. आतल्या भिंतींवर चौदाव्या शतकातली संत जॉनच्या चरित्राची चित्रे आहेत, आणि याच गावचा चित्रकार इसिदोरो बियांकी (1581–1662) याचे कामही. 1326 चे संत पीटरचे छोटे प्रार्थनागृह गावातच आहे.

जुगारगृह पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये उघडले. तटस्थ स्वित्झर्लंडमधल्या परदेशी मुत्सद्द्यांना खेळाच्या मेजावर बोलते करावे हा त्यामागचा इटलीचा हेतू होता, असे सांगितले जाते. 1919 मध्ये ते बंद झाले. 1933 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने पुन्हा सुरू केले, आणि गावाच्या नावाला ‘द’इतालिया’ हे शेपूटही त्याच दशकात लागले.

दुसऱ्या महायुद्धात मात्र मुसोलिनीचे हे लाडके गाव उलटले. सप्टेंबर 1943 नंतर उत्तर इटली जर्मनांच्या आणि त्यांच्या पाठिंब्यावरच्या फॅसिस्ट सरकारच्या ताब्यात गेली. जानेवारी 1944 मध्ये अमेरिकी गुप्तचरांच्या साहाय्याने गावाने त्या सरकारचा अंमल झुगारला आणि दक्षिणेतल्या राजाच्या सरकारशी निष्ठा जाहीर केली. वेढ्यात पडलेल्या या टिचभर गावाने त्याच वर्षी स्वतःची टपाल तिकिटे काढली, किंमत स्विस चलनात. संग्राहक ती अजून शोधत असतात.

युद्धानंतर गावाने सोयीचे दुहेरी जगणे जमवले. पोलीस इटलीचे, चलन स्विस फ्रँक. महापौर इटालियन, दूरध्वनी क्रमांक स्विस, पिनकोड स्विस 6911 आणि इटालियन असे दोन. गाड्यांना तिचिनोच्या पाट्या होत्या, आणि जकातीच्या दृष्टीने गाव स्वित्झर्लंडमध्येच होते. जुगारगृह नगरपालिकेच्या मालकीचे असल्याने त्याचा पैसा थेट गावाच्या तिजोरीत यायचा, आणि त्यावर गावाच्या आकाराला न शोभणारा नोकरवर्ग पोसला गेला. 2007 मध्ये तिचिनोचाच नामांकित वास्तुकार मारिओ बोत्ता (जन्म 1943) याने बांधलेली नवी इमारत उघडली. युरोपातले सर्वांत मोठे जुगारगृह अशी तिची जाहिरात झाली. बोत्ताच्या इतर कामांबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते, की हा ठोकळा गावाच्या उरावर बसला आहे. लुगानोच्या काठावरून पाहिले तर गाव नंतर दिसते.

हिशेबही बसला नाही. स्वित्झर्लंडने 1993 च्या जनमतात जुगारावरची बंदी उठवल्यावर लुगानो आणि मेंद्रिझिओ इथे जवळच नवी जुगारगृहे झाली. ऑनलाइन खेळही वाढला. त्यात उत्पन्न मुख्यतः युरोत आणि पगार फ्रँकमध्ये. जानेवारी 2015 मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँक मोकळा सोडताच खर्च एका फटक्यात फुगला. 2018 मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि जुलैमध्ये कोमोच्या न्यायालयाने जुगारगृहाचे दिवाळे काढले. सुमारे पाचशे जणांचा रोजगार गेला. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही महिनोन् महिने पगार मिळाला नाही. ज्या सेवा शेजारच्या तिचिनोकडून घेतल्या जात, त्यांची बिलेही थकली. या पतनाचा दोष फ्रँकवर ढकलण्याची पद्धत आहे; एकाच मिळकतीवर सगळे गाव उभे करण्याचा निर्णय मात्र गावाचा आणि रोमचा होता.

संकट अंगावर असतानाच 1 जानेवारी 2020 पासून काम्पिओने युरोपीय संघाच्या जकात हद्दीत आले. मूल्यवर्धित कराच्या संघीय पद्धतीतून ते वगळलेले आहे आणि त्याऐवजी स्विस दरांशी जुळणारा स्थानिक उपभोगकर लागू आहे. पण बिस्सोनेच्या बाजूला आता कायद्याने जकातरेषा आहे, आणि शेजारच्या दुकानातून आणलेल्या मालालाही आयातीचे नियम लागतात. गाड्यांच्या तिचिनोच्या पाट्याही इटालियन कराव्या लागल्या. राइनकाठचे ब्यूसिंगेन हे स्वित्झर्लंडने वेढलेले जर्मन गाव अजून स्विस जकात हद्दीतच आहे. काम्पिओनेला ती सवलत उरली नाही. जुगारगृह जानेवारी 2022 मध्ये, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी माणसांनिशी, पुन्हा उघडले.

लुगानोहून बस आणि बोट दोन्ही मिळतात. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेन करारात असल्याने एकाच व्हिसावर येथे जाता येते. ज्यांच्याकडे दोन तास आहेत त्यांनी ते बोत्ताच्या इमारतीत न घालवता गिर्लीच्या देवळात घालवावेत.