द्वाड मुलांचा इतिहास

ज्या मुलास घरीं द्वाड म्हणतात, शाळेंत व्रात्य म्हणतात आणि पोलीसचौकीवर बालगुन्हेगार म्हणतात, तें मूल पुष्कळदां एकच असतें. नांव बदललें कीं त्याच्यावर अधिकार चालविणारा मनुष्य बदलतो : प्रथम आईबाप, मग पंतोजी, मग मॅजिस्ट्रेट, आणि अगदीं अलीकडे डॉक्टर. गेल्या पावणेदोनशें वर्षांत हें मूल या चौघांच्या हातून कसें फिरलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. त्याचें कारण नुसती इतिहासाची हौस नव्हे. वसई-विरारसारख्या पाहतां पाहतां वाढलेल्या शहरांत, चोरी करणाऱ्या, शाळा चुकविणाऱ्या, धाकट्या भावंडांस मारहाण करणाऱ्या मुलाचें करावें काय, हा प्रश्न कित्येक सुशिक्षित कुटुंबांतहि दबक्या आवाजांत बोलला जातो; आणि त्याचें उत्तर देणारे बहुतेक लोक, स्वतःस न कळत, या इतिहासांतील एखाद्या जुन्या टप्प्यावरच उभे असतात.

पहिला टप्पा छडीचा. पांच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावे, पुढें दहा वर्षें त्यास ताडन करावें आणि सोळावें लागलें म्हणजे मित्राप्रमाणें वागवावें, या अर्थाचें सुभाषित आमच्याकडे घरोघर प्रमाण मानीत. पंतोजींच्या शाळेंत तर शिक्षा हेंच एक शास्त्र होतें : छडी, अंगठे धरून ओणवें उभें राहणें, कोंडून ठेवणें, असे त्याचे नाना प्रकार. या पद्धतीचे दोष सर्वांस ठाऊक आहेत. परंतु तिची एक बाजू विसरतां कामा नये. मूल कितीहि वांड असलें तरी तें गांवाच्या बाहेर जात नसे. वसईच्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत, मीठागरांवर किंवा कोळीवाड्यांत, शेजारचा मनुष्यहि काका किंवा मामा असे, आणि त्याचें बोलणें मुलास ऐकावें लागे. मार होता, पण घरहि होतें.

मुंबई वाढूं लागली तेव्हां ही व्यवस्था अपुरी पडली. गोदी, गिरण्या आणि बाजार यांच्या आसपास घर नसलेलीं मुलें दिसूं लागलीं. १८६७ सालीं विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत आगगाडी धांवूं लागली, तेव्हांपासून वसई-विरारच्या मुलास मुंबई हें हाकेच्या अंतरावरचें ठिकाण झालें. या नव्या शहरी मुलाकडे सरकारनें पाहिलें तें उद्योगाच्या दृष्टीनें. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या मुलांस कारागिराच्या हाताखालीं बांधून देण्याची सोय केली, आणि किरकोळ गुन्हा केलेल्या किंवा निराधार मुलांच्या बाबतींत तो अधिकार मॅजिस्ट्रेटास दिला. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची उद्योग व सुधारशाळा निघाली, ती याच विचारांतून. १८६० च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कृत्य गुन्हाच नव्हे असें ठरविलें. सात ते बारा वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचें स्वरूप व परिणाम समजण्याची पोंच होती कीं नाहीं, हें पाहावें असें सांगितलें. ही तरतूद पुढें २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंतहि कायम राहिली.

त्यानंतर १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आले. १८९७ च्या कायद्याप्रमाणें पंधरा वर्षांखालील मुलास तुरुंगाऐवजीं तीन ते सात वर्षें सुधारशाळेंत ठेवतां येई. मुलींचा त्यांत विचारच नव्हता. पुण्याजवळ येरवड्यासहि अशी शाळा होती. मूल तुरुंगांतील सराईतांच्या संगतींत पडूं नये, हा हेतु निःसंशय चांगला होता. पण त्यामागील गृहीत असें कीं, मुलाचा बिघाड घरांत आणि मोहल्ल्यांत झाला, म्हणून त्यास त्या जागेपासून तोडलें म्हणजे तें आपोआप सुधारेल. सुतारकाम आणि शिवणकाम शिकून मूल बाहेर येई, तें परत त्याच घरीं आणि त्याच मोहल्ल्यांत. तेथें या वर्षांत कोणी लक्ष घातलेलें नसे.

या गृहीताचें सर्वांत कठोर रूप गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत दिसतें. १८७१ च्या त्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १८९७ च्या दुरुस्तीनें अशा जमातींतील चार ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळें काढून स्वतंत्र वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. येथें मुलानें कांहीं केलेलें असण्याचीहि जरूर उरली नाहीं. हा कायदा देशांतून १९५२ सालीं उठला. पण पारध्याच्या किंवा दुसऱ्या भटक्या जमातीच्या पोराकडे वर्गांतली वस्तु हरवतांच प्रथम पाहण्याची संवय कायद्याबरोबर उठली असें म्हणतां येत नाहीं. सारखीच खोडी केली असतां कोणाचें मूल खोडकर ठरतें आणि कोणाचें चोर ठरतें, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. रोगनिदान करणाऱ्या डॉक्टरासहि हा धोका टळलेला नाहीं.

विसाव्या शतकांत वारें फिरलें. अमेरिकेंत शिकागो येथें १८९९ सालीं मुलांसाठीं निराळें न्यायालय निघालें आणि दहा वर्षांनीं, १९०९ सालीं, डॉ. विल्यम हीली यांनीं त्या न्यायालयापुढें येणारीं मुलें एकेक करून तपासण्यास आरंभ केला. मूल काय करतें, याबरोबर तें तसें कां करतें, हा प्रश्न तेव्हां पद्धतशीरपणें विचारला जाऊं लागला. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांचा कायदा झाला आणि १९२७ सालीं त्याच्या अंमलबजावणीसाठीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडीचें रिमांड होम तिच्याकडे आलें. १९३६ सालीं क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें, आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या आश्रयानें मुलांच्या मार्गदर्शनाचें चिकित्सालय सुरू झालें. हिंदुस्थानांतील हें अशा प्रकारचें पहिलें चिकित्सालय. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक हे तिघे मिळून एका मुलाचा विचार करितात, आणि समाजसेवक मुलाच्या घरीं जाऊन येतो, ही त्यांतील नवी गोष्ट. सुधारशाळेनें जें घर टाकून दिलें होतें, तेथें चिकित्सालय परत गेलें.

लंडनांतील अशाच चिकित्सालयांत डॉ. जॉन बोल्बी यांनीं चव्वेचाळीस चोरट्या मुलांचा अभ्यास करून तो १९४४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं सतरा मुलें पहिल्या पांच वर्षांत दीर्घकाळ आईपासून दुरावलेलीं होतीं. चोरी न करणाऱ्या तितक्याच दुसऱ्या मुलांत अशीं दोनच निघालीं. हा पुरावा लहान आहे आणि पुढील संशोधकांनीं त्याच्या मर्यादाहि दाखविल्या. तथापि ताटातूट हाच उपाय मानणाऱ्या शतकापुढें, ताटातूट हेंच एखादे वेळीं कारण असूं शकतें, ही शंका त्यानें उभी केली.

याच सुमारास वसईच्या उत्तरेस, आजच्या पालघर जिल्ह्यांत, कोणत्याहि वैद्यकीय ग्रंथाचा आधार न घेतां एक प्रयोग सुरू झाला. १९४५ सालीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें केंद्र काढलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली मुलें शाळेंत येईनात. अशा मुलांस उनाड, आळशी म्हणून मोकळें होणें फार सोपें होतें. या दोघींनीं मुलांच्या दिवसाचा हिशेब घेतला. मूल पहाटेपासून गुरांमागें असतें, धाकटें भावंड त्याच्या कडेवर असतें. तें शाळेस येणार केव्हां? म्हणून बालवाडी अंगणांत नेली, तिची अंगणवाडी झाली. गुरें चरतात तेथें शाळा नेली, तिची कुरणशाळा झाली. ज्या वर्तनास आपण खोड म्हणतों त्याचें कारण मुलाच्या दिनचर्येंत असूं शकतें आणि मोठ्या माणसांस आपली व्यवस्था बदलावी लागते, हा धडा आमच्याच जिल्ह्यांत गिरविला गेलेला आहे.

एवढ्यावरून सर्व दोष परिस्थितीचा, मूल सर्वस्वीं निर्दोष, असें कोणीं समजूं नये. कांहीं मुलांचें वर्तन खरोखरीच निराळें असतें, आणि १९८० पासून अमेरिकेच्या मानसोपचारकोशांत त्यास स्वतंत्र व्याधीचें स्थान आहे. आपण त्यास वर्तनविकार म्हणूं. माणसांस व जनावरांस इजा करणें, वस्तूंची नासधूस किंवा जाळपोळ, लबाडी व चोरी, आणि घरांतून पळून जाणें किंवा शाळा बुडविणें यांसारखे गंभीर नियमभंग, असे त्याचे चार वर्ग आहेत. एकदां केलेली खोडी म्हणजे विकार नव्हे. वर्षभर टिकलेला आणि इतरांच्या हक्कांवर गदा आणणारा वर्तनक्रम असेल तरच तें नांव द्यावयाचें. दहाव्या वर्षापूर्वीं आरंभ झाला तर तो अधिक चिंतेचा. वयांत येतांना संगतीनें सुरू झालेला पुष्कळदां मागाहून ओसरतो. अमेरिकेंतील ली रॉबिन्स या विदुषीनें सेंट लुई येथील चिकित्सालयांत येऊन गेलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनीं शोध घेतला. १९६६ सालीं तिनें जें लिहिलें त्याचा सारांश असा : समाजविघातक वर्तनाचीं प्रौढ माणसें लहानपणीं बहुधा तशींच होतीं, परंतु तशा मुलांपैकीं निम्म्याहून अधिक पुढें तशीं झालीं नाहींत. भीति आणि आशा या दोहोंसहि येथें आधार आहे.

उपायांविषयींचें ज्ञान यापुढील काळांत झालें. जेराल्ड पॅटर्सन यांनीं कुटुंबांत बसून जें पाहिलें तें प्रत्येक आईस ओळखूं येईल. आई कांहीं सांगते, मूल आकांत करतें, आई थकून माघार घेते. आकांत केला कीं सुटका होते, हें मूल शिकतें. दुसऱ्या दिवशीं आई ओरडून मारते आणि मूल क्षणभर गप्प बसतें. मारलें कीं शांतता मिळते, हें आई शिकते. दोघेंहि एकमेकांस बिघडवितात आणि दोषी कोणीच नसतें. म्हणून लहान मुलांच्या बाबतींत उपचार प्रथम आईबापांस शिकविण्याचा असतो : चांगल्या वर्तनाकडे ताबडतोब लक्ष देणें, आज्ञा थोड्या व स्पष्ट देणें, शिक्षा सौम्य परंतु ठरलेली ठेवणें, आणि रोज कांहीं वेळ उपदेशाविना मुलाबरोबर घालविणें. मोठ्या मुलांसाठीं घर, शाळा आणि सोबती या तिन्हींकडे एकाच वेळीं काम करावें लागतें. चंचलता, वाचनाची अडचण, खिन्नता किंवा कोणीं केलेला अत्याचार मागें दडलेला नाहीं ना, हें तपासावें लागतें. औषध हें यांतील मुख्य साधन नव्हे.

सद्धेतु मात्र पुरेसा होत नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९३९ सालीं पांचशेंहून अधिक मुलगे घेऊन एक थोर प्रयोग झाला. निम्म्यांस अनेक वर्षें मार्गदर्शक, शिकवणी, औषधपाणी, सहली सर्व मिळालें. जोन मॅककॉर्ड यांनीं १९७८ सालीं त्यांचा पुन्हा शोध घेतला तेव्हां हीं मदत मिळालेलीं मुलें इतरांहून बरीं निघालीं नाहींत. कांहीं बाबतींत तर वाईट निघालीं. मदत घेणाऱ्यांपैकीं बहुतेक जण कृतज्ञतेनें बोलत होते! म्हणून 'मुलास चार दिवस शिस्तीच्या शिबिरांत पाठवा' असें कोणी म्हणालें, तर त्याचा पुरावा काय, हें विचारण्याचा प्रत्येक पालकास अधिकार आहे.

आतां आमच्या शहराकडे वळूं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती बारा लाखांवर होती. वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, आणि गाडी पकडण्यासाठीं पहाटे निघालेले आईबाप रात्रीं परततात. आईबाप नोकरी करितात म्हणून मुलें बिघडतात, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु जुन्या वाडींतील काका-मामांची जागा रिकामी झाली आहे, आणि तें काम आतां शाळेकडे येऊन पडलें आहे. अशा वेळीं तक्रारी वाढल्या कीं 'याचा दाखला घेऊन जा' असें सुचविणारी शाळा, नकळत, १८९७ च्या कायद्याकडे परत जात असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढण्यास आणि त्यास शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केलेली आहे, हें पालकांनीं जाणून असावें. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यांत बालन्याय मंडळ आणि बालकल्याण समिती असावी असें सांगितलें आहे. १९३७ चें चिकित्सालय ज्या संस्थेनें काढलें, तिच्याच पुढाकारानें १९९६ सालीं मुंबईंत मुलांसाठीं १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. आतां ती सरकार चालवितें. मुंबईच्या के. ई. एम., नायर आणि शीव येथील रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत. विरारहून तेथें जाणें म्हणजे एक दिवसाची रजा आणि गर्दीचा प्रवास; आठवड्यामागून आठवडे तो करणें सर्वांस साधणारें नाहीं. म्हणून अशी सोय वसई-विरारमध्येंच, आणि शाळांना जोडून, असली पाहिजे, असें आमचें आग्रहाचें मत आहे.

छडी, कारखाना, वसाहत आणि चिकित्सालय, एवढा हा प्रवास. त्यांत जेव्हां जेव्हां मुलास उचलून दूर नेलें, तेव्हां घरच्यांस कांहीं शिकावें लागलें नाहीं. जेव्हां कोणी त्याच्या अंगणांत जाऊन बसलें, तेव्हां सर्वांस थोडें थोडें शिकावें लागलें. दुसरा मार्ग सावकाश आणि कष्टाचा आहे. पण ज्या घरांत आज रात्रीं पुन्हा भांडण होणार आहे, मूल दार आपटून बाहेर जाणार आहे आणि बाप त्याच्यामागें जिना उतरावा कीं उतरूं नये या विचारांत उभा राहणार आहे, त्या घरास आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, जिना उतरावा; आणि त्यास घेऊन वर आल्यावर, उद्यां सकाळीं कोणाची मदत घ्यावयाची तें दोघां नवराबायकोंनीं मिळून ठरवावें.